बोनेर: जिथे गाइड आपणच

पांढरी वाळू, नारळीची झाडं, आरामखुर्ची असा कॅरिबियन किनारा डोळ्यांसमोर असेल तर बोनेर बेट तुमच्यासाठी नाही. इथला पश्चिम किनारा बहुतेक ठिकाणी तुटक्या प्रवाळांचा खच आणि धारदार चुनखडक असा आहे. अनवाणी चार पावलं टाकलीत तर पाचवं टाकणार नाही. पण त्याच किनाऱ्यावरून कमरेइतक्या पाण्यात शिरायचं, थोडंसं पोहायचं, की खाली प्रवाळांचा उतार सुरू होतो. तिथे डायव्हिंग करायला ना बोट लागते, ना गाइड, ना कुणाची वेळ पाळावी लागते.

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर हे बेट आहे. शेजारची अरुबा आणि कुरासाओ जास्त प्रसिद्ध. १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेर ही नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. कारभार डच, चलन अमेरिकन डॉलर, आणि दुकानात, रस्त्यावर कानावर पडते ती पापियामेंतू ही स्थानिक भाषा. आमची भेट इथे जमली ती याच भूगोलामुळे. दादा-वहिनी ॲमस्टेलवेनहून आले, ॲमस्टरडॅमहून थेट विमान, दहाएक तास. मी आणि नवरा ह्युस्टनहून. दादा आणि मी डायव्हर, म्हणजे सिलिंडर घेऊन खोल जाणारे; नवरा आणि वहिनी स्नॉर्केलवाले, म्हणजे नळीने श्वास घेत वरूनच बघणारे. अशा मिश्र गटाला बोटीच्या सहली जाचक होतात, कारण निम्मे लोक खाली आणि निम्मे डेकवर उन्हात घड्याळ बघत. इथे चौघं एकाच जागेवरून पाण्यात शिरायचो, आम्ही खाली, ते वर. आमचे बुडबुडे पोटाला लागतात अशी वहिनीची तक्रार होती, तेवढीच.

हे सगळं शक्य होतं ते वाऱ्यामुळे. इथे व्यापारी वारे वर्षातला बराचसा काळ पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत. तळ आठ-दहा मीटरपर्यंत हळूहळू खोल होतो आणि मग तीस मीटर आणि त्याही खाली उतरत जातो. वादळांचा नेहमीचा मार्ग इथून उत्तरेला आहे, पण १९९९ मध्ये लेनी हे वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून आलं आणि उथळ पाण्यातल्या प्रवाळांची नासधूस करून गेलं. साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये वारा पडतो, पाणी आरशासारखं होतं आणि उकाडा वाढतो. याच काळात क्वचित वारा फिरून पश्चिमेकडून येतो. तसं झालं तर किनाऱ्यावरून डायव्हिंग विसरा, जे आणलं असेल ते पुस्तक वाचा.

प्रवाळ टिकण्यामागे माणसांचा हातही आहे. भाल्याने मासेमारी करायला इथे १९७१ पासून बंदी आहे. १९७९ मध्ये भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा समुद्र संरक्षित झाला. १९६२ मध्ये शिडाच्या बोटीतून आलेले डॉन स्टुअर्ट, इथले 'कॅप्टन डॉन', यांनी नांगर टाकण्याऐवजी बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये लावण्याचा आग्रह धरला. आज नांगर टाकणं बेकायदा आहे. पोपटमासे पकडायला २०१० पासून बंदी. हा मासा प्रवाळांवरचं शेवाळ खरवडून खातो, म्हणून तो वाचला तर प्रवाळ वाचतं. शांत पाण्यात त्याच्या चावण्याचा कुर्रकुर्र आवाज स्पष्ट ऐकू येतो.

निघण्याआधीचे सोपस्कार. भारतीय पासपोर्टवाल्यांनी हे नीट वाचा: बोनेर नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही. डच कॅरिबियनचा व्हिसा वेगळा असतो. काही देशांचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना हातात असेल तर सूट मिळते, पण आपल्या पासपोर्टला नेमकं काय लागू आहे ते डच सरकारच्या संकेतस्थळावर तपासूनच तिकीट काढा. प्रवेशकर माणशी ७५ डॉलर, तेरा वर्षांखालच्यांना १०. शिवाय पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला, स्नॉर्केलवाल्यांनासुद्धा, ४० डॉलरचं निसर्गशुल्क. ते स्टिनापा ही उद्यान सांभाळणारी संस्था घेते. दोन्ही घरबसल्या ऑनलाइन भरता येतात. डायव्हरना पहिल्या दिवशी नियमांची माहिती आणि डायव्हिंगच्या दुकानासमोरच एक तपासणी डाइव्ह सक्तीची. ही टाळाटाळीची गोष्ट समजू नका. खाली जायला कमरेला वजन किती लागतंय, मास्क गळतोय का, हे सगळं तिथेच कळतं. हातमोजे घालता येत नाहीत, आणि ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, घ्या, क्रीमची निम्मी गरज संपते.

मग पिकअप. बोनेरला गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेला पिकअप, त्यात सिलिंडर अडकवायला लाकडी खाचा. दुकानात गाडी मागे घ्यायची, सिलिंडर उचलायचे, निघायचं. ३२ टक्के नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, बऱ्याच ठिकाणी साध्या हवेच्याच भावात मिळतं. अभ्यासक्रम केला असेल तर तेच घ्या, पण मिश्रण स्वतःच्या हाताने मोजून, वहीत सही करून. किनारी रस्त्याने जाताना कडेला पिवळे दगड दिसतात, त्यांवर जागेचं नाव रंगवलेलं असतं. दगड दिसला की थांबायचं. गाडी उघडीच ठेवायची, काचा खाली, आत काहीही नाही. इथे कुलूप लावलेली गाडी म्हणजे आत काहीतरी आहे अशी जाहिरातच, आणि फुटलेल्या काचेचे पैसे भाड्याच्या गाडीवर लागतात. फोन, पाकीट घरी. किल्ली बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या, खिशात पाणबंद डबीत.

आता मुख्य गोष्ट. तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात दादाने कोर्स केला होता, तेव्हा प्रशिक्षक हाताच्या अंतरावर होता. मालवणला सिंधुदुर्गाजवळ हौशी पर्यटक उतरतात त्यांना तर गाइड धरूनच असतो. बोनेरला कुणी नसतं. कुठे शिरायचं, किती खोल जायचं, कधी वळायचं आणि नेमकं कुठे बाहेर यायचं हे सगळं तुमचं तुम्ही. ज्यांचे सगळे डाइव्ह गाइडच्या फिन्स (पायातली वल्ही) बघत झालेत त्यांना पहिले एक-दोन डाइव्ह अवघड जातील. त्यांनी पहिल्या दिवसापुरता गाइड घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

खरं कसब पाण्याखाली नाही, पाण्याच्या काठावर आहे. जाड तळव्याचे बूट हवेतच. बीसीडीत हवा भरलेली, मास्क तोंडावर, सिलिंडरमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, फिन्स हातात, आणि पाय उचलून टाकायचे नाहीत, सरकवायचे. खड्डे असतात, समुद्री साळिंदरं असतात. लाटा गटाने येतात. दोन-तीन गट नुसते बघत उभे राहा आणि मधल्या शांततेत शिरा. कमरेइतक्या पाण्यात एकाने दुसऱ्याचा खांदा धरायचा, फिन्स चढवायच्या. बाहेर येताना हेच उलट, फक्त आता पाय दमलेले असतात. म्हणून रेग्युलेटर शेवटच्या क्षणापर्यंत तोंडात ठेवा. पडलात तरी श्वास चालू राहतो.

दिशेचं गणित सोपं आहे. उतार सुरू होतो तिथे थांबून मागे वळून बघा, एखादं ओळखीचं प्रवाळ किंवा बोयाची दोरी लक्षात ठेवा. आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा, साधारण एक तृतीयांश हवा संपली की वळा. येताना पाच-सहा मीटरवरून या. तो सगळ्यात सुंदर पट्टा असतो आणि वर येण्याआधीचा सुरक्षिततेचा थांबा आपोआप होतो.

जागा साठांहून जास्त आहेत आणि सगळे पिवळे दगड 'करायची' शर्यत लावणारे लोक दिसतात. माझं मत उलट आहे. दोन-तीन जागा निवडा आणि तिथेच परत परत जा, सकाळी, दुपारी, रात्री. दुसऱ्या वेळी खूण शोधण्यात हवा जात नाही, तिसऱ्या वेळी त्याच स्पंजाच्या खोबणीत तोच मोरे ईल हा सापासारखा मासा भेटतो आणि झिंगे त्याचे दात साफ करताना दिसतात. आमच्या मुक्कामाजवळची बारी रीफ आम्ही अशी पाठ केली. बेटाच्या दक्षिणेला काही ठिकाणी एकापलीकडे दुसरी अशा दोन प्रवाळरांगा आहेत, मधे वाळू. त्या वाळूतून बागेतल्या रोपांसारखे डोलणारे ईल बघायला एंजल सिटी उत्तम.

हिल्मा हूकर ही बुडालेली मालवाहू बोट दोन रांगांच्या मधेच पडली आहे. १९८४ मध्ये ती क्रालेंडाइक या राजधानीच्या धक्क्याला लागली, खोट्या भिंतीमागे गांजा सापडला, मालक कोणी पुढे येईना, तळातून पाणी येऊ लागलं. शेवटी ओढून बाहेर नेली आणि १२ सप्टेंबर १९८४ ला बुडाली. उजव्या कुशीवर, तीस मीटर तळाशी. ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सची सुरक्षित खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर, म्हणजे तळ गाठायची घाई नको, वरच्या कुशीवरून पुरेसं दिसतं. आत शिरू नका. थाउजंड स्टेप्सला पायऱ्या प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास. सिलिंडर पाठीवर घेऊन चढताना नाव ठेवणाऱ्याबद्दल आदर वाटतो. तिथून पुढे उत्तरेचा रस्ता एकेरी आहे, परत फिरता येत नाही, रिंकोन गावावरून वळसा घालावा लागतो.

सॉल्ट पियर मात्र चौघांनाही सारखाच आवडला. मिठाची जहाजं भरण्याचा हा चालू धक्का. खांब रंगीत स्पंजांनी मढलेले, सावलीत माशांचे थवे आणि ऊन तिरप्या पट्ट्यांनी खाली येणारं. खोली पाच ते पंधरा मीटर, वरूनही झकास दिसतं. जहाज लागलेलं असेल तर प्रवेश बंद, त्यामुळे लांबून धक्का रिकामा दिसला तर बाकीचे बेत रद्द करून आधी तिकडे.

स्नॉर्केलवाल्यांसाठी क्लाइन बोनेर. समोरचं हे निर्जन बेट, पाण-टॅक्सी तिथे सोडते, प्रवाहाच्या वरच्या अंगाला उतरायचं आणि उतारावरून नुसतं वाहत नो नेम बीचवर यायचं. वहिनीला धड पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून ती पालथी पडून राहिली आणि तिला आमच्याआधी हॉक्सबिल कासव दिसलं. बेटावर सावली, पाणी, संडास काही नाही, परतीच्या फेरीची वेळ विचारून ठेवा. वाळूतून शिरायचं असेल तर विमानतळासमोरचा ते आमो बीच. पूर्वेचा लाक उपसागर उथळ आणि सुरक्षित आहे, पण तिथे समुद्री गवत आणि खारफुटी बघायची, प्रवाळ नव्हे. पूर्वेच्या उघड्या समुद्रात स्वतःहून उतरू नका.

रात्रीचा डाइव्ह एक तरी करा. टार्पन हे माणसाएवढे चंदेरी मासे टॉर्चच्या उजेडात शिकार करायला शिकलेत. अचानक खांद्यावरून सरकतात, दचकू नका. झोपलेल्या माशावर उजेड रोखून धरलात तर त्याचा जीव जाईल. आणि जमलं तर पौर्णिमेनंतरच्या दोन-चार रात्रींचा मुहूर्त धरा. सूर्य मावळून चंद्र उगवेपर्यंतच्या काळोखात, उथळ पाण्यात गुडघे न टेकता तरंगत राहायचं आणि टॉर्च विझवायचा. पाऊण-एक तासाने निळे ठिपके एकापाठोपाठ एक उमटू लागतात, जणू हवेत ओवलेली माळ. हे ऑस्ट्राकॉड, तिळाहून लहान कवचधारी जीव. नर माद्यांना बोलावण्यासाठी प्रकाशाचे थेंब सोडत वर जातात. अशी प्रणयरोषणाई कॅरिबियनमध्येच आढळते. कॅमेऱ्यात येत नाही, प्रयत्न करून वेळ घालवू नका.

सगळं आलबेल नाही. २०२३ मध्ये कडक प्रवाळांचा ऊतिनाश करणारा रोग इथे पोचला. मेंदूसारखी दिसणारी मोठमोठी प्रवाळं अर्धी पांढरी, अर्धी शेवाळलेली दिसतात, काही जागी फार वाईट. म्हणूनच सामान फक्त गोड्या पाण्यात धुऊन भागत नाही, दुकानांत जंतुनाशकाचे हौद असतात, त्यात बुडवा. घरी नेण्याआधीही.

राहण्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे भाजीपाला महाग. नळाचं पाणी समुद्राचंच शुद्ध केलेलं, बिनधास्त प्या. विजेचा दाब १२७ व्होल्ट, नाजूक चार्जर जपा. किनाऱ्यावर जेवणाच्या गाड्या लागतात. बकरीचा रस्सा आणि मक्याची फुंची चांगली. लायनफिश मिळाला तर जरूर खा, हा इथला उपरा शिकारी आहे, जितका संपेल तितकं बरं. आम्ही मेतकूट नेलं होतं. संध्याकाळच्या डाइव्हनंतर गरम भातावर तूप-मेतकूट, यापुढे बाकी सगळं फिकं.

शेवटचा दिवस कोरडा ठेवा. ओळीने डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, आम्ही पूर्ण २४ धरतो. त्या दिवशी दक्षिणेच्या मिठागरांकडे जा. गुलाबी पाणी, फ्लेमिंगो, आणि रस्त्याच्या कडेला १८५० च्या सुमाराच्या गुलामांच्या झोपड्या, ज्यांत वाकूनच शिरता येतं. मीठ उपसणारी माणसं इथे निजायची. डच वसाहतींतली गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. रात्री परतताना गाडी हळू चालवा, गाढवं रस्त्यावर मोकाट फिरतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत.

एक राहिलंच. निसर्गशुल्क वर्षभराचं असलं तरी ते कॅलेंडर वर्ष असतं. नाताळात जाऊन नववर्षात परतणाऱ्यांनी ४० डॉलर दोनदा भरायची तयारी ठेवावी.