जाड पोरं तुम्हाला दिसली कुठं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. वर्ध्याच्या स्टँडवर भेटलेले माझे जुने मास्तर, मामेबहिणीच्या साक्षगंधात पंगतीला शेजारी बसलेल्या काकू, जिथं नोकरी करते तिथलेच एक डॉक्टर, आणि गेल्या दिवाळीत माझा सख्खा भाऊ. प्रश्न एकच आणि विचारतानाचं हसूही एकच: "इथं मेळघाटात पोरं कुपोषणानं जातात अन् तुम्ही खेड्यापाड्यात लठ्ठपणा शोधत फिरता? जाड पोरं तुम्हाला दिसली कुठं?"

खेड्यांतल्या शाळांत पोरांची वजनं, कमरा मोजायचं माझं काम. नऊ वर्षं हेच ऐकतेय. सुरुवातीला हसून सोडून द्यायची. मग आकडे तोंडावर फेकायला लागले. भावानं आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बरं, पण दिसली कुठं?"

दिसत नाहीत. तुमचं बरोबर आहे. आठवीच्या वर्गात बघताक्षणी जाड म्हणावं असं एखाददुसरं पोर, तेही बहुतेक किराणा दुकानवाल्याचं नाहीतर मास्तरांचं. पण माझ्या पिशवीत एक सुतळी असते. पोराच्या उंचीएवढी मापायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती पुरते का बघायचं. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी भरली पाहिजे, एवढाच हिशेब. हातपाय तुराट्यांसारखे आणि सुतळी मात्र कमरेला पुरत नाही, अशी पोरं मला भेटतात. वजनकाटा त्यांना ठीक म्हणतो. आई म्हणते, "पोटात जंत असतीन."

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती. सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमनं हलकी. कमी पडलं ते मुख्यतः स्नायूंत आणि अवयवांत. चरबी बाळांनी बरीचशी राखलेली. पुढं २००४ मध्ये याज्ञिकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. दाखवला की लोक म्हणतात, "दोघंही सडपातळच आहेत की." हो ना बाप्पा, तेच तर सांगतेय!

तुमच्या प्रश्नात दोन पोरं आहेत. एक मेळघाटातलं, बरगड्या मोजता येणारं. दुसरं शहरातलं, सोफ्यावर बसून वेफर्स खाणारं. मला खेड्यात जे भेटतं ते एकच पोर आहे, वेगवेगळ्या वयाचं. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा तरुणपणापर्यंत माग ठेवला गेला. मोठेपणी ज्यांची साखर बिघडली ती साधारणपणे दोन वर्षांची होईस्तोवर बारीक होती; नंतर वजन भराभर चढत गेलं. आणि बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही लठ्ठ नव्हतं. म्हणजे शाळेत जाऊन नुसतं डोळ्यांनी बघितलं असतं, तर मलाही 'दिसलं' नसतं.

२०१६ ते २०१८ च्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं हडकुळी निघाली, ५ टक्के जास्त वजनाची, आणि साधारण दहातलं एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जाड पाच टक्के आणि उंबरठ्यावर दहा टक्के, मग उरलेली कुठून आली? भावाला हेच विचारलं होतं. (या दहा टक्क्यांवर माझीही कुरकुर आहे. उंबरठा ठरवला तो एचबीए१सीवर, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीवर. लोह कमी पडून अंगात रक्त कमी झालं असलं तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. आणि आमच्याकडं सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तिथं तो खोटाच खाली येऊ शकतो. म्हणून आम्ही उपाशीपोटी रक्त घेतो. "रात्रीपासून काही खाऊ नको" सांगितलेलं पोर सकाळी ओठ पुसत येतं: "काईच नाई खाल्लं मॅडम, फक्त चहा-टोस." की परत पाठवा.)

हे सगळं खरं आहे. तरी ते सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, कारण हाच प्रश्न मीही विचारला असता. याआधी दोन वर्षं मी मेळघाटातच, धारणीकडं होते. तिथं दंडाला पट्टी गुंडाळायची, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. लाल पट्टीचं लेकरू मांडीवर घेतलेलं आहे मी. त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, कुणी सांगितलं असतं की पुढं तू कमरा मोजशील, तर ती म्हणाली असती, काय थेरं आहेत. अजूनही म्हणते अधूनमधून. मी तिला दिल्लीचं सांगते, पुण्याचं सांगते. ती ऐकून घेते आणि विचारते, "पण लाल पट्टीवाल्याला निदान काहीतरी देता यायचं. तू काय देतेस?"

याचं उत्तर माझ्याजवळ नाही, हे मला एका घराच्या ओसरीत कळलं. आता ते सांगते. तेवढं सांगायचं टाळण्यासाठीच वर इतके आकडे आले असावेत.

आठवीचा वर्ग, जानेवारी. गावाचं नाव सांगत नाही, मुलीचं तर नाहीच. एक खोली पोषण आहाराच्या तांदळाच्या कट्ट्यांनी भरलेली, दुसरीत सातवीची परीक्षा. म्हणून व्हरांड्यातच काटा मांडला. मुली पुढं, मुलं मागं, रांग एकच. वेगळी जागा हवी हे आमच्या कागदावर छापलेलं होतं. पण दोन वाजता बस होती आणि सत्तर पोरं उरली होती, तेव्हा मी "चालेल" म्हटलं. मीच.

आमची शिस्त अशी असते की मोजणाऱ्यानं आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि लिहिणाऱ्यानं तो परत म्हणून लिहायचा. चूक होऊ नये म्हणून. मी म्हटलं, "अठ्ठावन्न पॉइंट चार." खिडकीपाशी बसलेला माझा सहकारी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "अठ्ठावन्न पॉइंट चार." मागून मुलांमधून कुणीतरी तिसऱ्यांदा म्हणालं. मग हशा. गुरुजींनी टेबलावर पट्टी आपटली, हशा थांबला. ती काट्यावरून उतरली आणि चपला न घालता तशीच भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी चपला नेऊन दिल्या. मानेवर काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा होता. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की कातडी अशी होते. तिला वळायला सांगितलं, बघितलं, फॉर्मवर खूण केली. एवढंच. तिच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढचं पोर काट्यावर चढलं होतं.

तीन आठवड्यांनी रक्तासाठी गेलो, तर ती गैरहजर. गुरुजी म्हणाले, तुमची गाडी येणार कळलं की येत नाही. पोरांनी तिचं नाव 'पॉइंट चार' पाडलं होतं. मधल्या सुटीतली खिचडी ती वाटून टाकायची आणि सोमवार-गुरुवार उपास धरायची. आशाताईंना घेऊन घरी गेले.

आई ओसरीत तूर निवडत होती. चांगलं बोलली, पाणी दिलं. मग पोरीला हाक मारून पुढं बसवलं आणि तिची वेणी उचलली. मान सोलवटली होती. लिंबू, सोडा, नंतर विटेचा तुकडा.

"तुमी मान पाहून लिवलं ना मॅडम. मले लाज वाटली. लोकं म्हनतीन, माय पोरीले आंगधूनं शिकवत नाई. मंग रोज घासली. सालटं निंगालं, पन कायं काई निंगत नाई."

मी सांगितलं की तो मळ नाही. घासू नका. आतलं कारण आहे. साखर, इन्सुलिन, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मंग औषध द्या."

औषध नाही, असं मी म्हटलं. आधी तपासणी, मग खाण्यात बदल, खेळणं, पायी चालणं. नुसता तांदूळ कमी, ज्वारी, डाळ, भाजी. चहात साखर कमी. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. ज्वारी त्यांच्याकडं मी लहान असल्यापासून पेरलेली नाही. पेरली तरी रानडुकरं ठेवत नाहीत. वावरात सोयाबीन आणि कपाशी, घरात रेशनचा तांदूळ. शाळेत पोरगी मानव विकासच्या, मुलींसाठीच्या सरकारी बसनं जाते, कारण चालत गेली तर आईचा जीव टांगणीला. आणि खेळायचं म्हणाल तर चौदा वर्षांच्या मुलीनं खेळायला त्या गावात मैदान कुणाचं आहे?

हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं वाद घातला नाही. सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाली, "मंग मोजलं कायले?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आशाताई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, आज मोजलं तर उद्या सरकारला सांगता येईल. ती "हो का" म्हणाली. पोरगी वेणी सोडून आत निघून गेली.

नंतर तिची साखर तपासली. काय निघालं ते सांगणार नाही, ते तिचं आहे.

त्या वर्षीच्या अहवालात आमचं एक वाक्य आहे: 'पालकांमध्ये जनजागृतीची गरज आहे.' ते मी लिहिलेलं आहे. ओसरीवरून आल्यानंतर लिहिलेलं आहे, हे जास्त वाईट. त्या आईला आणखी कसली जागृती द्यायची होती मला? पण ते वाक्य काढून तिथं काय लिहायचं हेही मला सुचलं नाही, आणि अहवाल सोमवारी द्यायचा होता.

तरीही तुम्ही "मग सोडा ते काम" म्हणालात, तर मी चिडणार. २०२२ मध्ये देशात ५ ते १९ वयाची सुमारे सव्वा कोटी मुलं लठ्ठ होती, असा अंदाज लॅन्सेटमधल्या अभ्यासात आला. त्यांत आमच्या काडीच्या हातापायांची पोरं धरलेलीच नाहीत. त्यांना जर कुणी मोजलंच नाही, तर पंधरा वर्षांनी ती डायलिसिसच्या रांगेत उभी असताना तुम्हीच विचाराल, आधी कुणी बघितलं नाही का? धारणीवाली म्हणते, "बघून काय केलंस?" यापुढं आमचं दोघींचं भांडण जात नाही.

तेवढं एक केलं, की आता आकडा म्हणत नाही. जुन्या साडीचा पडदा लावतो, काट्याचा डोळा आमच्याकडं फिरवतो, चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी सरकवतो. दिवसात सत्तरऐवजी चाळीस पोरं होतात. वरून विचारणा झाली, मी कारण लिहून दिलं, त्यावर अजून उत्तर नाही.

ती मुलगी मध्यंतरी तालुक्याच्या स्टँडवर दिसली. अकरावीत असावी. एप्रिल होता, तोंड, डोकं, मान सगळं दुपट्ट्यात गुंडाळलेलं. आमच्याकडं उन्हात सगळ्याच पोरी तसा गुंडाळतात. मी हात केला. तिनं केला की बॅग सावरली, कळलं नाही.

आणि पडद्याआड आता वेगळीच पंचाईत आहे. आकडा ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक पोर उतरताना माझ्या कानाशी येतं आणि हळूच विचारतं, "मॅडम, किती भरलं?" काहींना सांगते. काहींना "छान आहे, जा" म्हणते. कुणाला काय सांगायचं, ते त्या वेळी पोराचा चेहरा बघून ठरवते.