केसांना दे मजबुती

मालिका ऐन रंगात आलेली असते, सुनेने दार उघडलेलं असतं, आणि दारात कोण उभं आहे ते दिसायच्या आत टीव्ही तुमच्या अंगावर खेकसतो, "केसांना दे मजबुती!" रिमोट सापडत नाही. तुम्ही हे मराठी लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडता.

तो लिहिणारा मी. हिंदी जाहिरातींचं मराठी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. गुन्हा कसा घडला तेवढं सांगतो.

अंधेरीत तळघरातला एक स्टुडिओ. सकाळपासून त्या एकाच तेलाची जाहिरात भाषा बदलून बदलून रेकॉर्ड होत होती. बंगाली उरकली होती, गुजरातीवाले बाहेर सोफ्यावर चहा पीत बसले होते. मधला एक तास आमचा. जाहिरात ३० सेकंदांची.

बाहेरच्यांना वाटतं, तीस सेकंदांचं भाषांतर म्हणजे दहा मिनिटांचं काम. पण पडद्यावरची बाई हिंदीत बोललेली असते आणि तिचे ओठ हिंदीतच मिटतात. प, ब, म आला की ओठ मिटणारच, आणि कॅमेरा जवळ असला की ते लपत नाही. "तुम्हारे बाल" म्हणताना ते दोनदा मिटतात. "तुझे केस" म्हणून बघा, एकदाही मिटत नाहीत. मग कुठेतरी ब किंवा म घुसवायचा. माझ्या जाहिरातींतल्या बायका उठसूट "अगंबाई" का म्हणतात, त्याचं उत्तर हे. स्वभावाने त्या तशा नाहीत.

त्या दिवशी मात्र ओठांवर ढकलायची सोय नव्हती. शेवटच्या ओळीला पडद्यावर चेहराच नव्हता, नुसती बाटली फिरत होती. हिंदी ओळ होती, "बालों को दे मज़बूती, झड़ना करे कम." मी लिहून नेलं होतं, "केस बळकट, गळणं कमी." आवाज द्यायला नाटकात आयुष्य काढलेल्या एक ताई होत्या. त्यांनी पहिल्याच टेकला ते असं सहज म्हटलं की काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. मला वाटलं, अर्ध्या तासात सुटलो.

मग टेबलावरचा फोन बोलला. गुरुग्रामहून तेलाच्या कंपनीचे साहेब ऐकत होते.

"ये बळकट क्या है? बहुत हेवी है. मराठी में भी तो मज़बूती होता है ना?"

होतं. मजबुती घेतली.

"और हमारा 'दे' कहाँ गया?"

आता मी जरा सरसावून बसलो. म्हटलं, सर, हिंदीत 'दे' म्हणजे तेल मजबुती देतं. मराठीत ती समोरच्याला केलेली आज्ञा होते, आणि तीही अरेतुरे करून.

"अरे तो बढ़िया है! कॉल टू ॲक्शन!"

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

राहिला 'करे'. हे रूप मराठीत नाहीच. केस खरंच गळायचे थांबतात का, यावर जाहिरातींसाठी १९८५ पासून असलेल्या परिषदेकडे तक्रार करता येते. 'करे'बद्दल कुणाकडे करायची? आतून ताई म्हणाल्या, "अरे, निदान 'करी' म्हणू या. ओवीत तरी बसेल." त्यांचा माइक चालू होता.

"करी? नहीं नहीं, फूड वाला फील नहीं चाहिए, हेयर ऑइल है."

एजन्सीची मुलगी डोंबिवलीची. ती मान खाली घालून मोबाइलमध्ये बघत राहिली. मग हळूच तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बाटलीशेजारी सोनेरी अक्षरं चमकत होती : केसांना दे मजबुती, गळणे करे कमी. ग्राफिक आदल्या दिवशीच तयार झालं होतं. हिंदी ओळीतले शब्द कुणीतरी एकेक करून बदलले होते. मी फक्त त्या अक्षरांना आवाज मिळवून द्यायला आलो होतो.

खरं दुखणं इथे आहे. तमिळ किंवा बंगालीची ओळ त्या साहेबांसमोर ठेवली तर त्यांना ती वाचता येत नाही, म्हणून ते भाषांतरकारावर विश्वास टाकून मोकळे होतात. मराठी त्यांना वाचता येतं. देवनागरी आहे ना! निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, उरलेले चुकलेले वाटतात, आणि मग ते दुरुस्त करायला बसतात. "मला मदत कर"चं "माझी मदत कर" असंच होतं. तिथे तर ओठही कुठे आड येत नाहीत.

मी पेन काढलं आणि माझी ओळ खोडली. भांडता आलं असतं. पण बाहेर गुजरातीवाले घड्याळ बघत होते आणि पुढच्या महिन्यात त्याच एजन्सीचं साबणाचं काम यायचं होतं.

ताईंनी तो 'दे' पाच प्रकारे म्हणून दाखवला. हुकूम सोडल्यासारखा, लाडीगोडीने, उधारी मागितल्यासारखा. चौथ्यांदा त्यांनी हात पसरला आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "दे माय, केसांना दे." रेकॉर्डिस्ट खुर्चीतून पडायचा बाकी होता. पाचवा पास झाला.

"थोड़ा पंच चाहिए," फोन म्हणाला.

पंच म्हणजे काय ते रेकॉर्डिस्टने मला पडद्यावर दाखवलं. आवाजाची सर्वांत उंच टोकं तो वाढवत नाही, मधले खालचे आवाज उचलून त्यांच्या बरोबरीला आणतो. लहान-मोठ्या टेकड्यांची सपाट भिंत होते. टोक जागच्या जागी, पण कानाला सगळंच मोठं लागतं. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नको असं केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत लिहिलेलं आहे. पण आधीच्या दृश्यात सून कुजबुजत असते, तिच्यानंतर ही भिंत कोसळते.

महिन्याभराने आईकडे जेवायला गेलो होतो. मालिका चालू होती. ब्रेक लागला आणि ती बाटली आली. बाई नाही, तिचे लांबसडक केस नाहीत, माझं जुळवून बसवलेलं "अगंबाई" नाही. तीस सेकंदांची कापून दहा केली होती आणि त्यात उरली होती नेमकी ती ओळ. नियमाने तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यातली १० धंद्याची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. दहा मिनिटांत असे साठ तुकडे मावतात. त्या एका ब्रेकमध्ये आमचा दोनदा लागला.

"कोण लिहितं रे असलं मराठी?" आईने वाढता वाढता विचारलं.

मी आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या मुलीला फोन करून दहा सेकंदांच्या आवृत्तीचे वेगळे पैसे मिळतील का ते विचारलं.

"दादा," ती म्हणाली, "त्यात तुमचा एक तरी शब्द आहे का?"