ऑलिव्हियेचा चेहरा

रविवार, रात्री

आज रिनेके डाइकस्ट्रा या डच छायाचित्रकर्तीची एक फोटोमालिका पुन्हा काढून बसले. ऑलिव्हिये नावाचा कोवळा पोरगा फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे परदेशी तरुणांनाही घेणाऱ्या फ्रान्सच्या लष्करी दलात, भरती होतो आणि ती २००० ते २००३ अशी तीन वर्षं अधूनमधून त्याच्यामागे जाऊन त्याचा फोटो काढते. मालिकेत एवढंच आहे. लढाई नाही, बंदुकांचे आवाज नाहीत, जखमा नाहीत. प्रत्येक वेळी तो कॅमेऱ्यासमोर थांबतो आणि आपल्याकडे बघतो.

पहिला फोटो भरतीचा, जुलै २००० मधला. त्या चेहऱ्यावर मी फार वेळ रेंगाळले. भीती म्हणावी तर तशी नाही, पण आपण काय करून बसलोय हे त्याला अजून नीट उमगलेलं नाही, असं वाटतं. लीजनमध्ये पालकांची संमती असेल तर साडेसतराव्या वर्षी घेतात आणि पहिला करारच पाच वर्षांचा असतो. साडेसतरा! आपल्याकडे या वयाचं पोर बारावीच्या निकालाची वाट बघत असतं.

नंतर नोव्हेंबरमध्ये, प्रशिक्षणाच्या दिवसांत, चेहऱ्यावर रंग फासलेला. मग कॉर्सिका बेटावरचा काल्व्हीचा तळ, पुढे आफ्रिकेत गॅबन आणि शेवटी जिबूती, जुलै २००३. गणवेश बदलतो, पण खरं बदलतात ते डोळे. सुरुवातीला ते आपल्याला काहीतरी विचारतात. पुढे पुढे ते विचारणं थांबतं. मान ताठ होते, जबडा घट्ट होतो, आणि समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही हे त्या शरीराला शिकवलेलं असतं. तीन वर्षांत माणूस एवढा प्रौढ होतो का? होत असेल. मला तरी ते पाहून अभिमानाआधी कालवाकालव झाली.

डाइकस्ट्रा तिपाईवर ठेवायचा मोठा कॅमेरा वापरते. त्यात एकेक फिल्म घालायची, त्यामुळे घाई जमतच नाही. समोरच्याला उभं राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात ठरवून धारण केलेला आविर्भाव थोडा सैल पडतो. ऑलिव्हियेच्या नंतरच्या फोटोंत तो सैल पडणं कमी कमी होत जातं, आणि माझ्या मते तिला नेमकं हेच दाखवायचं असावं.

आपल्याकडे घराघरांत जवानाचा फोटो असतो. माझ्या मावशीच्या घरीही आहे. मावसभाऊ बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात होता, तेव्हा कसम परेड, म्हणजे प्रशिक्षणानंतरचा शपथविधी, झाल्यावर काढलेला. इस्त्रीचा गणवेश, छाती पुढे, खाली झेंडूचा हार. मावशी रोज तो पुसते. पण भरतीआधी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा, उंची पुरेल की नाही म्हणून भिंतीवर खुणा करणारा पोरगा त्या चौकटीत नाही. पहिल्या पोस्टिंगवरून आल्यावर जेवताना गप्प बसणारा तोही नाही. फ्रेममध्ये आपण तयार झालेला जवान तेवढा लावतो. तयार होताना त्यानं काय काय मागे टाकलं, त्याचा फोटो कुणी काढत नाही, आणि मग त्याला विचारायलाही आपल्याला काही सुचत नाही. सगळे विचारतात, तिकडे थंडी किती असते?

मावशीला आज फोन केला. मावसभाऊ गणपतीत सुट्टीवर येतोय. म्हटलं, यंदा मी त्याचा एक फोटो काढणार, गणवेशाशिवाय, ओसरीवर उभा करून, आणि पुढच्या सुट्टीतही तिथेच. मावशी म्हणाली, "काढ गं, पण त्याला आधी विचार. हल्ली त्याला फोटो काढलेला आवडत नाही." का आवडत नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. उद्या त्यालाच मेसेज करते. नाही म्हणाला तर कॅमेरा न्यायचा नाही, नुसतं त्याच्याजवळ बसायचं.