बंपच्या रबरावर डाग नव्हता

फेब्रुवारीत, ऐन द्राक्षाच्या हंगामात, मोहाडीचे एक बागायतदार काका डबल केबिनची पिकअप घेऊन नाशिकला पाथर्डी फाट्यावर माझ्या गॅरेजला आले. लिफ्ट केलेली, म्हणजे मुद्दाम उंच करून घेतलेली गाडी, सोबत मुलगा.

"मिस्तरी, मागचे शॉकप परत गेले. अन् मणी गळायला लागलेत."

गाडी उडते, कंबर दुखते, या तक्रारी रोजच्या. मणी गळतात ही मी पहिल्यांदा ऐकली. पॅकहाउसला क्रेट उतरवला की तळाला सुट्या मण्यांचा थर असायचा. घडातून सुटलेला मणी एक्स्पोर्टला चालत नाही. काकांनी गाडीचा दोष गाडीत बसून ओळखला नव्हता, क्रेटमध्ये पाहून ओळखला होता.

मागची जोडी वर्षापूर्वी मीच बसवलेली. डायरी काढली. माझ्याच अक्षरात एक ओळ होती: "मागे, 4 इंच लिफ्ट." त्या आकड्यावर शॉक मागवले आणि लावले. त्याआधीची जोडी दुसऱ्या एका दुकानातून, तीही 4 इंचाच्या हिशोबानेच घेतलेली. आपल्याकडे लिफ्टचे शॉक असे इंचावर विकले जातात आणि इंचावर घेतले जातात. टेप कोणी काढत नाही. मीही काढला नव्हता.

गाडी वर घेतली. दोन्ही शॉक तेलाने ओले, त्यावर धूळ चिकटलेली. एका बाजूला चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, शॉक धरणाऱ्या ब्रॅकेटच्या वेल्डला केसाएवढी चीर. पण मी थांबलो ते बंप स्टॉपपाशी. एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, वर आला की जिथे टेकायचा तो रबरी गुटका. मालाची गाडी, दिंडोरीकडचे खड्डे, आणि त्या रबराला घासल्याचा एकही डाग नाही. वर्षभर एक्सल तिथपर्यंत पोहोचलाच नव्हता. वाटेत दुसरंच काहीतरी त्याला अडवत होतं.

शॉक काढले, वजन झेलणारे कमानीचे पाटे सोडले आणि मोकळा एक्सल जॅकने बंपच्या रबरापर्यंत चढवला. हे काम कोणी करत नाही, कारण पाटे जागेवर असताना जॅक लावला तर पाटे दबायच्या आधी गाडीच उचलली जाते. आणि पाटे सोडायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. शॉकच्या दोन्ही बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घेतलं: 385 मिलिमीटर. पाटे परत बांधून एक्सल पूर्ण लोंबकळू दिला: 580. आता काढलेला शॉक टेबलावर घेतला. ताणून 650, दाबून 410. म्हणजे रबराला टेकायच्या 25 मिलिमीटर आधीच शॉक आतून तळाला लागत होता. भरलेली गाडी खड्ड्यात गेली की रबराने झेलायचा धक्का लोखंडावर जायचा, शॉकमधून ब्रॅकेटला, तिथून चॅसिसला, वरच्या क्रेटना. मणी तिथे सुटत होते. सील आणि तळाचा वॉल्व्हही त्यानेच गेले.

मग 4 इंच आले कुठून? मुलगा म्हणाला, "दादा, मी स्वतः मोजलंय, टायरपासून मडगार्डपर्यंत." मी बॅटरी घेऊन केबिनखाली गेलो. बॉडी आणि चॅसिसच्या मध्ये 2 इंचांचे नायलॉनचे गुटके. निम्मी उंची बॉडी लिफ्टची होती! त्यात बॉडी चॅसिसपासून वर जाते. चॅसिस आणि एक्सलमधलं अंतर तेवढंच राहतं, शॉकला त्याचा पत्ताही नसतो. खरी लिफ्ट पाट्यांची, 2 इंचांची, आणि 4 इंचाचा शॉक तिला लांब पडत होता. मागच्या वर्षी ही गाडी दोन तास माझ्याकडे उभी होती. तेव्हा मी केबिनखाली वाकलो असतो, तर काकांचा एक हंगाम वाचला असता.

शॉक शेवटी ताणून 590 आणि दाबून 365 चे निवडले. वर 10 मिलिमीटर राखून, नाहीतर एक्सल लोंबकळताना त्याचा भार शॉकच ओढत राहतो. खाली 20 राखून, कारण रबर टेकल्यावरही दबतं. काकांना वाटत होतं की माल जड, तर शॉकही कडकच हवेत. वजन पाटे उचलतात काका, शॉक फक्त दबलेल्या पाट्यांची उसळी आवरतो. कडक शॉक टाकले असते तर मणी आणखी गळले असते. म्हणून दाबताना मऊ आणि परत येताना घट्ट अशी जोडी मागवली, एक नळीची, नायट्रोजन भरलेली. खराब रस्त्यावर तेल तापतं आणि फेसाळतं, तिथे ती जास्त वेळ टिकते.

मुलाला आणखी 2 इंच हवे होते. मी नाही म्हणालो. आधीच केलेल्या बदलासाठीही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओ विचारू शकतं, हेही सांगितलं. तो गप्प बसला, पण त्याला पटलं नाही. ही पोरं गाडीखाली वाकत नाहीत, लांबून बघतात. काका म्हणाले, "त्याची गाडी दिसायची, माझी चालायची," आणि चहा मागवला.

ब्रॅकेट वेल्ड करून, वाळूची पोती टाकून पेठ रोडने सावळ घाटापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर पहिलं रबर पाहिलं. दोन्ही बाजूंना टेकल्याचे ताजे डाग होते. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मजुरी घेतली नाही. आठ दिवसांनी काकांचा फोन आला, क्रेटचा तळ स्वच्छ होता.

डायरीत अशा नुसत्या इंचाच्या नोंदी असलेल्या आणखी सहा गाड्या निघाल्या. सगळ्यांना फोन केले, फुकट मापून देतो म्हणालो. दोघं येऊन गेले, त्यातल्या एकाचा शॉक लांबच निघाला. तिघांनी हंगाम संपल्यावर येतो म्हणून सांगितलंय. पेठचा एक जण फोन उचलत नाही. रविवारी त्याच्याकडे जाऊन येणार आहे.