खरे साठ किलो

माझ्या जिमच्या वहीत गेल्या ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत स्क्वॉटच्या, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन मारायच्या उठाबशांच्या, रकान्यात एकच आकडा आहे : ६० किलो. पुढे रेप्स, म्हणजे एका दमात किती वेळा उचललं ते, कधी चार, कधी पाच, एकदा तर तीनच. पाच-पाचचे तीन सेट पूर्ण झाले की पाच किलो वाढवायचे असा माझा नियम होता. त्या सहा महिन्यांत तो पाळायची वेळच आली नाही.

मी भुसावळला राहते, शाळेत शिकवते, वय ३९. रिकाम्या रॉडपासून सुरुवात केली तेव्हा दर आठवड्याला आकडा वाढायचा. पहिल्या काही महिन्यांतली ही वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते. स्नायू तेच असतात, पण त्यांतले जास्त तंतू एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. हे शिकणं मंदावलं की पुढची वाढ स्नायूंनाच करावी लागते आणि ती सावकाश होते. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटलं, आपलीच मेहनत कमी पडतेय.

म्हणून मेहनत वाढवली. तीन दिवसांचे पाच दिवस केले. शाळेची वेळ गाठायची म्हणून दोन सेटमधली विश्रांती मिनिटावर आणली. त्यात वजनही उतरवायचं म्हणून रात्रीची भाकरी बंद. जिममधला दादा मनापासून म्हणायचा, "ताई, अजून थोडा जोर लावा." मी लावत होते. मार्चपर्यंत गुडघे दुखायला लागले, पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप लागायची नाही, आणि एके दिवशी वजाबाकी चुकली म्हणून चौथीतल्या एका मुलीवर मी इतकी ओरडले की ती रडली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात अखाजीला सासुरवाशिणीने माहेरी जायचंच असतं. माझं माहेर अमळनेर तालुक्यात. निंबाला झोका बांधलेला, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, आणि दुपारी बाहेर पाऊल टाकवणार नाही असं ऊन. मी बॅगेत बूट घेऊन गेले होते, गावात काहीतरी करता येईल म्हणून. आईने ते बूट पाहिले, माझे हात पाहिले आणि म्हणाली, "इतलं वजन कसाले उचलस माय? आधी पोटभर खाय, मंग उचल."

आठ दिवस मी काहीही उचललं नाही. खाल्लं, झोपले, बहिणींबरोबर झोक्यावर बसले. मनात सारखं येत होतं की परत गेल्यावर पन्नासही उठणार नाहीत. परत आले आणि पहिल्याच दिवशी ६० चे पाच-पाचचे तीनही सेट झाले. तिसऱ्या सेटचा पाचवा रेप वर आला तेव्हा रॉड स्टँडवर ठेवून मी तशीच उभी राहिले. वहीत आकडा लिहिला आणि शेजारी लिहिलं : अखाजी.

आठ दिवसांत कुणाची ताकद वाढत नाही. ती होतीच, थकव्याखाली झाकली गेली होती. व्यायामाने ताकद आणि थकवा दोन्ही साचतात, पण विश्रांती मिळाली की थकवा लवकर ओसरतो आणि ताकद बरीच टिकते. तेव्हापासून माझा दर पाचवा आठवडा हलका असतो : सेट निम्मे, वजन दहाएक टक्के कमी. त्या आठवड्यात हात शिवशिवतात, पण मी वाढवत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात ६५ लावले तर एकही रेप निघाला नाही. चार दिवसांनी तेच ६५ दोनदा उठले. त्यानंतर पुन्हा शून्य. भाचीने मागून काढलेल्या व्हिडिओत रॉड वर येताना डावीकडे कललेला दिसला. मी डाव्या पायाचे वेगळे व्यायाम सुरू केले, तरी फरक नाही. मग एक दिवस दादाने प्लेटा नेहमीच्या क्रमाने न लावता उलट लावल्या आणि रॉड उजवीकडे कलला.

आमच्या जिमच्या खालीच धान्याचं दुकान आहे. गोण्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा तिथे दारातच असतो. एका दुपारी गिऱ्हाईक नसताना मी आणि दादा '१० किलो' लिहिलेल्या सहाही प्लेटा खाली घेऊन गेलो. शेठ आधी नको म्हणत होते, नंतर स्वतःच एकेक उचलून काट्यावर ठेवायला लागले. काट्यावर हरभऱ्याचा भुसा होता तो त्यांनी हाताने झाडला. पहिली प्लेट ९.१. दुसरी ९.२. मग ९.६, १०.२, १०.४, आणि शेवटची, कड तुटकी दिसणारी, १०.७. मी खडूने प्रत्येकीवर आकडा लिहीत गेले. शेवटी रॉड आडवा ठेवला. तो २० किलोचा असं सगळेच धरून चालायचे. काट्यावर आकडा आला १६.४.

दुकानाच्या पायरीवर बसून मी बेरीज केली. माझे '६०' म्हणजे हाताला कोणत्या चार प्लेटा लागतील त्याप्रमाणे कधी ५४.५, तर कधी ५७.३. एका बाजूच्या दोन प्लेटा आणि दुसऱ्या बाजूच्या दोन यांत २.८ किलोंपर्यंत फरक पडत होता. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी वजनच कमी असू शकत होतं, आणि ज्या दिवशी हरले त्या दिवशी जास्त. सहा महिने मी स्वतःला दोष देत होते आणि मोजमापच खोटं होतं. घशाशी आलं होतं. घरी येऊन बराच वेळ कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी मात्र नवी वही काढली आणि पहिल्या पानावर प्लेटांचे खरे आकडे लिहिले. दादाने खडू पुसून पांढऱ्या ऑइलपेंटने तेच आकडे प्लेटांवर कायमचे रंगवले. त्याचे आभार मी कितीही मानले तरी कमीच.

दुसरी अडचण वजनाच्या उडीची होती. ती बायकांनी विशेष लक्षात घ्यावी असं मला वाटतं. आमच्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, तीही एकच जोडी. त्यानंतर एकदम पाचची जोडी. १०० किलो उचलणाऱ्या माणसाला पाच किलोंची वाढ म्हणजे पाच टक्के. माझी शोल्डर प्रेस, म्हणजे खांद्यापासून रॉड डोक्यावर ढकलणं, खऱ्या वजनाने २१.३ किलोवर होती. पुढची पायरी सव्वीसच्या वर, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा एकदम. असं कुणाचंच शरीर एका आठवड्यात वाढत नाही. टॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९४० च्या दशकात जखमी सैनिकांना क्रमाक्रमाने वाढत्या वजनांनी व्यायाम देऊन उभं केलं. त्यातला 'क्रमाक्रमाने' हा शब्द मी कित्येकदा वाचला होता, पण आपल्या जिममध्ये तो क्रम लावायला लोखंडच नाही हे लक्षात आलं नव्हतं.

मग लेथवाल्या मिस्त्रींकडे गेले. दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा, साडेनऊ सेंटिमीटर व्यासाची चकती, मधे तीस मिलिमीटरचं भोक, असं कागदावर काढून नेलं. लोखंडाच्या घनतेवरून वजन बरोबर अर्धा किलो येतं. मिस्त्रींनी चार चकत्या कापल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि मी काही म्हणायच्या आत शेठच्या काट्यावर तोलून आणायला सांगितलं. त्या आता रुमालात बांधलेल्या माझ्या बॅगेतच असतात. त्यामुळे प्रेस एकेक किलोने चढायला लागली.

खाण्याचं थोडक्यात सांगते. ताकद वाढवणाऱ्याने दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन घ्यावं, असं आज साधारण मानलं जातं. माझं वजन ५८, म्हणजे ९३ ग्रॅम हवं. एक आठवडा प्रामाणिकपणे मोजलं तर पन्नासही भरत नव्हतं. रात्रीची भाकरी परत आली, तीही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, सोबत दही. सकाळी दोन अंडी, डब्यात सोयाबीनच्या वड्या किंवा पनीर, वरण पातळ न करता घट्ट. वजन उतरवायचं काम बाजूला ठेवलं. पोट तोडून ताकद वाढवणं नवख्याला काही दिवस जमतं, माझ्या टप्प्यावर फार अवघड जातं. व्यायामाला जाण्याआधी एक केळ, आणि केळी आपल्याकडे मागावी लागत नाहीत. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो, त्यामुळे वेळ बदलून पहाटे साडेपाचची केली.

सेटमधली विश्रांती चार मिनिटांची केली. जड सेटला लागणारी स्नायूंमधली तातडीची ऊर्जा पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात, मिनिटभरात ती पूर्ण भरत नाही. दिवस परत तीनच केले. आधी बसून राहायची लाज वाटायची, आता त्या वेळात वही भरते.

श्रावणातल्या एका सोमवारी चार मोठ्या प्लेटा दोन्ही बाजूंना तोलून लावल्या. एकीकडे ९.१ आणि १०.४, दुसरीकडे ९.२ आणि १०.२. वर अडीचची जोडी, जी काट्यावर ४.९ भरली होती. रॉड धरून बेरीज ६०.२. दादा मागे उभा होता, पण त्याने हात लावला नाही. पाच, पाच, पाच. रॉड सरळ वर आला.

आईला फोन केला. तिला किलोचं काही विशेष वाटलं नाही. जेवलीस का, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, जेवले.

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर झोपून छातीवरून रॉड वर ढकलणं, मात्र अजून अडलेली आहे, पाच आठवडे ३१ वर. पुढचा आठवडा हलका आहे. त्यानंतर अर्ध्या किलोच्या चकत्या लावून बघणार आहे.