लहान बोटीवर लॅपटॉप आणि टॅबलेट: पडद्यावरचा बिंदू आणि त्याखालचा नकाशा

लहान बोट हाती आली की जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच हंगामात एक प्रश्न पडतो: समुद्रासाठी खास बनवलेला चार्टप्लॉटर, म्हणजे सागरी नकाशावर बोटीची जागा दाखवणारे उपकरण, घ्यावा, की हाताशी असलेल्या लॅपटॉप-टॅबलेटवर काम भागवावे? काम भागते, आणि उत्तम भागते, असे माझे मत आहे. पण त्याला मी एक अट जोडतो. उपकरण कोणते घ्यावे, ते कुठे बसवावे आणि त्याला वीज कशी पुरवावी याचा विचार सगळेच करतात, आणि तो करायलाच हवा. त्याहून अधिक विचार मात्र पडद्यावर दिसणाऱ्या नकाशाचा व्हायला हवा. बोट कुठे आहे हे दाखवणारा बिंदू आज साधा टॅबलेटही मोकळ्या आकाशाखाली सुमारे ५ मीटरच्या अचूकतेने दाखवतो. तो बिंदू ज्या नकाशावर उमटतो, तो नकाशा किती भरवशाचा आहे, हे आपण विचारल्याशिवाय सहसा कोणतेही उपकरण सांगत नाही.

आधी उपकरणांविषयी. लॅपटॉप आणि टॅबलेट ही एकाच कामाची दोन साधने आहेत असे समजून त्यांची तुलना केली जाते, ती मला पटत नाही. लॅपटॉपची जागा केबिनमध्ये, नकाशाच्या टेबलावर आहे. मोठ्या पडद्यावर पुढच्या दिवसाचा मार्ग आखणे, भरती-ओहोटीच्या वेळा ताडून पाहणे, हवामानाच्या फाइली उघडणे, मार्गातल्या प्रत्येक वळणाभोवतीचा नकाशा वाढवून पाहणे, ही कामे तिथे निवांत होतात. ओपनसीपीएन हा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि या कामासाठी त्यात काही कमी आहे असे मला कधी वाटले नाही. बोट हेलकावे घेऊ लागली की मात्र लॅपटॉपच्या टचपॅडवर हाताचे बोट स्थिर राहत नाही आणि कर्सर भलतीकडे जातो. टेबलाला चिकटवता येणारा ट्रॅकबॉल आणि नकाशा लहान-मोठा करण्याचे कीबोर्ड शॉर्टकट अशा वेळी फार उपयोगी पडतात. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवावी. लाटांवर आदळणाऱ्या बोटीतले धक्के फिरत्या डिस्कला सोसत नाहीत.

टॅबलेट सुकाणूपाशी हवा, कारण निर्णय तिथे घ्यायचे असतात. अरुंद तोंडातून बंदरात शिरताना नकाशा बघण्यासाठी कोणी जिना उतरून खाली जाऊ नये. पण सुकाणूपाशी ऊन, पाणी आणि मीठ या तिन्हींशी गाठ पडते. पडद्याची प्रखरता निट्स या एककात मोजतात; सर्वसाधारण टॅबलेटची ती ५०० निट्सच्या आसपास असते, तर उघड्यावर वापरण्यासाठी बनवलेले सागरी पडदे १००० निट्स किंवा त्याहून अधिक उजळ असतात. भर दुपारी हा फरक चांगलाच जाणवतो. प्रखरता पूर्ण वाढवली की टॅबलेट तापतो. आयपॅडसाठी उत्पादकाने सांगितलेली वापराच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि थेट उन्हात काळ्या आवरणात ठेवलेला टॅबलेट ती मर्यादा सहज ओलांडून तापमानाची सूचना दाखवतो आणि नकाशा दिसेनासा होतो. म्हणून त्याला सावली द्यावी आणि मागून हवा खेळती राहील असा धारक निवडावा. हवाबंद प्लास्टिकची पिशवी पाणी अडवते, पण उष्णताही कोंडते. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बंदरातच तपासावी: काही पडदे आडवे धरले की अशा चष्म्यातून पूर्ण काळे दिसतात आणि उभे धरले की नीट दिसतात.

पाण्याचा त्रास वेगळ्याच प्रकारे होतो. टॅबलेट जलरोधक असला तरी त्याचा टच स्क्रीन खाऱ्या पाण्याच्या थेंबाला बोटाचा स्पर्श समजतो. एक तुषार उडतो, नकाशा थोडा सरकतो, आणि बोटीला मध्यभागी ठेवून नकाशा हलवणारी सोय त्याच क्षणी बंद पडते. पडद्यावर सारे काही पूर्वीसारखेच दिसते. बोटीचा आकार हळूहळू कडेकडे जातो आणि पुढचा समुद्र पडद्याबाहेर राहतो. ही सोय चालू आहे की नाही हे दाखवणारे चिन्ह आपल्या ॲपमध्ये कुठे आहे, ते डोळे झाकून सांगता येईल इतके पाठ असावे. शक्य असेल तर लाटांच्या माऱ्यात टच बंद करणारी सेटिंग शोधून ठेवावी.

धारक बसवताना होकायंत्रापासून अंतर ठेवणे अत्यंत महत्त्वाचे आहे. टॅबलेटच्या स्पीकरमध्ये आणि अनेक कव्हरांच्या झाकणात चुंबक असतात, आणि सुकाणूसमोरच्या होकायंत्राची सुई त्यांनी सहज कित्येक अंश फिरते. टॅबलेट जागेवर ठेवून आणि काढून, दोन्ही वेळा होकायंत्राचे वाचन बघितले की किती अंतर पुरेसे आहे ते कळते.

टॅबलेट निवडताना त्यात जीपीएस आहे की नाही याची खात्री करावी. फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये उपग्रहांचा रिसीव्हर नसतो. सिमकार्डची सोय असलेल्या आयपॅडमध्ये तो असतो, आणि सिम घातले नाही तरी तो काम करतो. किनाऱ्याजवळ वायफायच्या आधाराने पहिल्या प्रकारचा टॅबलेटही आपले ठिकाण दाखवत असल्यामुळे खरी परिस्थिती समुद्रात गेल्यावरच उघडी पडते. अशा टॅबलेटला ब्लूटूथचा बाहेरचा रिसीव्हर जोडता येतो. बोटीवर आधीच जीपीएस, खोलीमापक आणि एआयएस (जहाजे आपली जागा आणि दिशा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) असतील, तर त्यांची माहिती वायफायवरून टॅबलेट आणि लॅपटॉप दोघांनाही देणारी छोटी पेटी मिळते, आणि माझ्या मते हा सर्वांत चांगला मार्ग आहे. जुनी उपकरणे एनएमईए ०१८३ या पद्धतीने सेकंदाला ४८०० बिट्सच्या वेगाने बोलतात, तर एआयएस बहुधा ३८४०० च्या वेगाने. जोडणी बरोबर असूनही पडद्यावर काहीच येत नसेल, तर सर्वांत आधी हा वेग तपासावा.

विजेचा हिशेब कागदावर मांडला की लॅपटॉप दिवसभर चालू का ठेवू नये, ते आपोआप स्पष्ट होते. टॅबलेटला साधारण १२ वॅट पुरतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून १ अँपिअर. लॅपटॉपने ६० वॅट घेतले तर ५ अँपिअर लागतात. १० तासांत ५० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये असा संकेत आहे, म्हणजे वापरता येणारी सगळी वीज एकट्या लॅपटॉपने संपवली. त्यात इन्व्हर्टर लावून १२ व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करायचे आणि लॅपटॉपच्या ॲडॉप्टरने ते पुन्हा खाली आणायचे, यात आणखी वीज वाया जाते. १२ व्होल्टवर थेट चालणारा यूएसबी-सी चार्जर घेणे केव्हाही बरे. तो घेतल्यावर व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरचा बोलण्याचा रेडिओ) चालू ठेवून चार्जर लावून-काढून बघावे. हलक्या दर्जाचे चार्जर इतका रेडिओ गोंगाट करतात की दूरचे संदेश आणि एआयएसचे संकेत त्यात बुडून जातात.

आता नकाशाकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा इथे आहे. इलेक्ट्रॉनिक नकाशे दोन प्रकारचे असतात. रास्टर नकाशा म्हणजे कागदी नकाशाचे चित्र. तो वाढवला की अक्षरे फक्त मोठी आणि धूसर होतात, त्यामुळे आपण मर्यादेपलीकडे गेलो हे लगेच समजते. व्हेक्टर नकाशा म्हणजे वस्तूंची यादी: प्रत्येक खडक, बोया (तरंगती खूण), खोलीचा आकडा वेगळा साठवलेला असतो आणि कोणत्या प्रमाणावर काय दाखवायचे हे प्रोग्राम ठरवतो. जग व्हेक्टरकडे गेले आहे. अमेरिकेचे सागरी नकाशे बनवणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेने आपले पारंपरिक कागदी आणि रास्टर नकाशे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर केला, आणि तिचे व्हेक्टर नकाशे कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. व्हेक्टर नकाशा कितीही वाढवला तरी रेषा सुबकच राहतात, आणि नकाशा लहान केला की पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून तपशील गळतात. धोका या दोन्हींत आहे.

तपशील गळण्याचा परिणाम २९ नोव्हेंबर २०१४ रोजी साऱ्या नौकाविश्वाने पाहिला. व्होल्वो ओशन रेस या जगाला फेरी मारणाऱ्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गादोस काराजोस या प्रवाळखडकांवर रात्री पूर्ण वेगाने आदळली. नौकेवर अनुभवी खलाशी होते, उपकरणे उत्तम होती, जीपीएस अचूक होते. मात्र नकाशा ज्या प्रमाणावर पाहिला गेला, त्यावर तिथे सुमारे ४० मीटर खोलीचा उथळ भाग दिसत होता आणि प्रत्यक्ष खडक दिसत नव्हते. ते नकाशा अधिक वाढवल्यावरच दिसले असते. सुदैवाने नऊही जण वाचले. या घटनेनंतरच्या चौकशीत इलेक्ट्रॉनिक नकाशे पाहण्याच्या पद्धतीवर बरीच चर्चा झाली. माझ्यासाठी त्यातून एक पक्की रीत ठरली: आखलेल्या मार्गाची संपूर्ण रेषा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, नकाशा जास्तीत जास्त तपशिलाच्या प्रमाणावर ठेवून सरकवत पाहायची. हे काम कंटाळवाणे आहे आणि लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावरच नीट होते. ॲपने आपोआप आखून दिलेल्या मार्गालाही यातून सूट नाही.

दुसरा धोका सुबक रेषांचा. पडद्यावर बिंदू आणि खडक यांच्यात ३० मीटरचे अंतर दिसते म्हणून समुद्रातही ते तेवढेच असते असे नाही. कित्येक किनाऱ्यांचे सर्वेक्षण एकोणिसाव्या शतकात, दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजत आणि डोळ्यांनी कोन घेत झालेले आहे, आणि आजच्या व्हेक्टर नकाशात तेच आकडे नव्या रंगात आहेत. अधिकृत व्हेक्टर नकाशांत प्रत्येक भागाचा दर्जा नोंदवलेला असतो. ए-१ दर्जाच्या भागात वस्तूची जागा ५ मीटरपर्यंत बरोबर मानायची, बी दर्जात ५० मीटरपर्यंत, सी दर्जात ५०० मीटरपर्यंत, आणि डी त्याहूनही वाईट. हा थर ओपनसीपीएनमध्ये आणि इतर काही ॲपमध्ये सेटिंगमधून चालू करता येतो. सी दर्जाच्या पाण्यात ५ मीटर अचूकतेच्या बिंदूवर विसंबून खडकाला वळसा घालणे म्हणजे ५०० मीटरची शंका आपण होऊन पुसून टाकणे होय. अशा ठिकाणी मी मार्गापासून धोक्याचे अंतर दर्जाच्या आकड्याहून मोठे ठेवतो, आणि ते शक्य नसेल तर सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक माणूस उभा करून, खोलीमापकाकडे लक्ष ठेवत पुढे जातो. सर्वेक्षण जुने असलेल्या प्रवाळांच्या प्रदेशात फिरणारे अनेक जण उपग्रहचित्रे नकाशासारखी लॅपटॉपवर घालून त्यांवर बोटीचा बिंदू पाहतात. ओपनसीपीएनमध्ये ही सोय आहे आणि ती खरोखर शिकून घेण्याजोगी आहे.

खोलीच्या आकड्यांबाबत एवढेच सांगतो की ते मीटरमध्ये, फुटांत की वावांत (फॅदममध्ये) आहेत हे दर वेळी पाहावे, विशेषतः ॲप नव्याने टाकल्यावर. ते आकडे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात, म्हणून प्रत्यक्ष पाणी बहुधा त्याहून जास्त असते.

एआयएसबाबत एक गैरसमज जपून टाळायला हवा. बोटीवरच्या रिसीव्हरने पकडलेले एआयएस आणि इंटरनेटवरून ॲपमध्ये दिसणारी जहाजे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चालत्या मोठ्या जहाजाचा संकेत दर काही सेकंदांनी येतो, तर इंटरनेटवरची जागा कित्येक मिनिटे शिळी असू शकते. २० नॉटने जाणारे जहाज ३ मिनिटांत १ सागरी मैल पुढे सरकलेले असते. टक्कर टाळण्यासाठी पहिलेच वापरावे. शिवाय प्रत्येक लहान बोटीवर एआयएस असतेच असे नाही, आणि समुद्रात टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा ठेवायला सांगतो.

निघण्यापूर्वीच्या तयारीत सर्व नकाशे उपकरणात पूर्ण उतरवलेले असावेत, आणि विमान मोड लावून, ॲप बंद करून पुन्हा उघडून, ते खरोखर दिसतात की नाही हे बघावे. आपोआप होणारे अपडेट आणि पडद्याचे लॉक बंद ठेवावे. बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतली ॲप बंद करणारी अँड्रॉइडची सेटिंग नौकानयनाच्या ॲपपुरती काढावी, नाहीतर रात्री नांगराचा गजर (नांगर सरकून बोट वाहू लागल्यास वाजणारा) लावून झोपावे आणि ॲपच बंद पडलेले असावे, असे घडू शकते. रात्रीच्या प्रवासात पडदा लाल किंवा अगदी मंद करावा. अंधाराला सरावलेली दृष्टी एका क्षणाच्या पांढऱ्या प्रकाशाने जाते आणि पूर्ण परतायला २० ते ३० मिनिटे लागतात.

दुसरे उपकरण हवेच, आणि ते पहिल्याच्या वायरीवर, त्याच चार्जरवर अवलंबून नको. तेच नकाशे घातलेला आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाईल कोरड्या डब्यात ठेवला तरी पुष्कळ आहे. त्यासोबत वही आणि पेन्सिल ठेवावी. किनाऱ्यालगत दर तासाला, आणि धोक्याच्या पाण्यात दर १५ मिनिटांनी, वेळ, अक्षांश-रेखांश, होकायंत्रावरची दिशा, वेग आणि खोलीमापकाचा आकडा त्या वहीत लिहावा, आणि लिहितानाच तो आकडा भरतीचा हिशेब करून नकाशातल्या खोलीशी ताडून पाहावा. दोन्हींत मोठा फरक आला, तर कारण सापडेपर्यंत वेग कमी करावा.