चांगला माईक त्याला लावा

लग्नाच्या ऑर्डरीत गोंधळाचं शूटिंग म्हणजे आम्हा फोटोवाल्यांना नकोसं काम. रात्री जेवणं उरकल्यावर सुरू होणार, पहाटेपर्यंत चालणार, वेगळे पैसे कुणी देत नाही आणि अल्बममध्ये लागतात जेमतेम दोन फोटो. नंदगडच्या पुढच्या एका गावातली ही ऑर्डरही मी तशीच धरली होती. मुलगा मराठी, मुलगी गोकाककडची, घरी कन्नड बोलणारी. आमच्या बेळगाव भागात याचं नवल नाही. एकाच घरात मावशी एका भाषेत रागावते, काकी दुसऱ्या.

नवऱ्याचा थोरला भाऊ बेंगळुरूला नोकरीला. त्यानं आधीच बजावलं होतं, "गोंधळ शॉर्टमध्ये पाहिजे. मेन माणूस तेवढा घ्या, बाकीची बडबड नको."

अंगणात पाच ऊस बांधून मांडव केला होता. खाली पाटावर खण, तांदूळ, कलश. गोंधळ्यांचे म्होरके नाईक सत्तरीच्या घरातले. अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा. माझ्याकडे कॉलरचे दोन माईक, एक चांगला, एक खरखरणारा. चांगला नाईकांना लावायला गेलो तर त्यांनी माझा हातच धरला.

"ह्यो त्याला लावा." बोट तुणतुणेवाल्याकडे.

"तात्या, गोष्ट तुम्ही सांगणार ना?"

"माझा आवाज शिवारापतोर जातोय. त्याचं हळू बोलणं लोकास्नी ऐकू याया पाहिजे."

ऑर्डर भावाची, पण माईक नाईकांच्या सांगण्याप्रमाणे लावला. हेडफोन कानाला लावून बसलो.

दिवटी पेटली, संबळ कडाडला. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर, सौंदत्ती, सगळीकडच्या देवांना गोंधळाला बोलावणं गेलं, शेवटी गावच्या लक्ष्मीला. मग आख्यान, रेणुकेचं.

"मलप्रभेच्या काठाला आली रेणुका..."

"कुठल्या मलप्रभेच्या?" झीलकरी, म्हणजे साथीला उभा तोच तुणतुणेवाला.

"अरं, मलप्रभा एकच. आपल्या कणकुंबीला उगवली, खानापुरावरनं सौंदत्तीला गेली."

"म्हंजे आमची म्हस धुतलेलं पाणी रेणुकाआई भरूलाली व्हय?"

पोरं लोळायला लागली. "तवा तुझी म्हस नव्हती रं, म्हणून तर पाणी पवित्र होतं," म्हणून नाईक पुढे सरकले. पुराणातली बाई त्या एका म्हशीपायी खानापूर तालुक्यात आली होती.

गोकाकचे पाहुणे मात्र हाताची घडी घालून बसले होते. झीलकऱ्यानं ते कधी हेरलं कुणास ठाऊक. तो त्यांच्याकडे वळला आणि झालेली गोष्ट कन्नडमध्ये सांगायला लागला, पण मुद्दाम उलटी: रेणुकेनं नागाचा घडा केला आणि वाळूची चुंबळ. नाईक कन्नडमध्येच त्याच्या अंगावर ओरडले, की गाढवा, घडा वाळूचा, चुंबळ नागाची! मुलीकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पुढे रात्रभर हाच खेळ. अधूनमधून तो "मुंद एनात?" म्हणून पुढं काय झालं ते विचारायचा, कन्नडमध्ये काहीतरी चुकवायचा आणि नाईक ते दुरुस्त करायचे. गोष्ट दोन्ही भाषांत चालली होती, आणि दोनदा सांगतायत असं एकदाही वाटलं नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात गोंधळ या नृत्याचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. गोंधळ मूळचा कुणाचा, हा वाद त्या अंगणात कुणी काढला नाही. काढला असता तर झीलकऱ्यानं त्याचीही टर उडवली असती.

मग ती जागा आली. गंधर्वांची जलक्रीडा बघून रेणुकेचं मन चळलं, घडा काही होईना. जमदग्नी भडकले. चार मुलांनी आईवर हात टाकायला नकार दिला, पाचव्या परशुरामानं परशू उचलला. नाईक थांबले. आता झीलकरी काहीतरी विचारणार म्हणून मी आवाजाची पट्टी थोडी खाली घेतली. तो गप्प. हेडफोनमध्ये नुसता त्याचा श्वास आणि तुणतुण्याच्या तारेवर बोट घासल्याचा आवाज. रात्रभर टकळी चालवणारा माणूस मान खाली घालून उभा. अख्खं अंगण त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि तो बोलेचना.

बायकांच्या बाजूनं नवरीची आजी कातावून म्हणाली, "मुंद एनात?"

त्यासरशी संबळ वाजला. मुंडकं उडालं, परशुरामानं बापाकडे वर मागितला, आई उठली आणि "उदे गं अंबे उदे" म्हणताना गोकाकवाल्यांचा आवाज आमच्यापेक्षा वरचढ होता. आजीनं विचारलं नसतं तर नाईक किती वेळ थांबले असते, ते मी सकाळी चहाला विचारलं. "कुणीतरी विचारतंयच की," म्हणाले आणि बशीतला चहा फुंकला.

एडिटिंगला बसल्यावर भावाच्या म्हणण्याप्रमाणे फक्त नाईकांची दहा मिनिटं काढली. बघवेना. म्हातारा कुणालातरी उत्तरं देतोय, खेकसतोय, आणि समोर प्रश्नच नाही. तेवढी भावाला पाठवली, सोबत अख्खी रात्रही. त्यानं छोटी स्टेटसला लावली. मुलीच्या वडिलांनी गोकाकहून फोन करून मोठी मागवली आणि दोनदा विचारलं, तो येडा त्यात आहे ना?

गोंधळाला आता मी वेगळा दर लावतो आणि तीन माईक नेतो. नाईकांना एक, झीलकऱ्याला एक आणि तिसरा बायका बसतात त्या बाजूला.